बडवाहजवळच्या जुन्या धर्मशाळेतील दोन रात्री

ओंकारेश्वरचे दर्शन घेऊन त्याच दिवशी इंदूरला परतण्याची आमची नेहमीची पद्धत आहे. या वेळी आई सोबत असल्यामुळे बडवाहजवळच्या एका खेड्यातील धर्मशाळेत आम्ही दोन रात्री मुक्काम केला.

ही वास्तू मुळात गाडीवाटेवरील मुक्कामाची जागा आहे, हे तिच्या दरवाजातूनच कळते. भरलेली बैलगाडी जुंपलेल्या बैलांसह सहज आत यावी इतका तो रुंद आहे, आणि मागच्या पटांगणाच्या भिंतीत जनावरे बांधण्याच्या लोखंडी कड्या अजून शाबूत आहेत. घाट चढण्याआधी बैलांना विसावा लागे, म्हणून अशा जागांचे महत्त्व. पुढे 1870 मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने 101 वर्षांसाठी दिले. पाताळपाणीच्या घाटातून मीटरगेज गाडी धावू लागली, तशी इंदूरकडची मालवाहतूक रुळांवर गेली आणि गाडीवाटेवरचे मुक्काम ओस पडत गेले. त्या कर्जाचा आम्हा इंदूरकरांना अभिमान आहे; त्याची दुसरी बाजू मला या रिकाम्या पटांगणात प्रथमच जाणवली.

गावाने मात्र वास्तू पडू दिली नाही. व्यवस्थापक काकांच्या सांगण्यानुसार येथे काही वर्षे शाळा भरत होती. भिंतीवर काळ्या रंगाचा फळा अजून दिसतो. नंतर धान्याची साठवण झाली, लग्नकार्ये झाली, आणि आता सहा खोल्या भाड्याने मिळतात. या सगळ्या काळात सागवानी खांबांची ओसरी नर्मदा परिक्रमावासींसाठी विनामूल्य राहिली, आणि चातुर्मासात परिक्रमा थांबते तेव्हा काही जण येथेच राहतात. पहाटे ‘नर्मदे हर’ म्हणत निघालेल्या एका वृद्ध बाईंना आईने शिधा दिला. आईच्या दृष्टीने या प्रवासात तोच क्षण मोठा होता.

खोल्या स्वच्छ आहेत, अंथरूण धुतलेले असते. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी चुलीवरची असून दोन्ही दिवस उत्तम होती. तथापि स्वच्छतागृहे पटांगणाच्या टोकाला आहेत आणि वाटेवर रात्री दिवा नसतो, त्यामुळे वयस्कर माणसांची गैरसोय होते. खोल्यांमधील प्लायवुडच्या आडभिंतींतून शेजारचे बोलणे ऐकू येते. सागवानी खांबांना फासलेला चकचकीत ऑइलपेंट तर मला फारच खटकला. सोमवती अमावास्येच्या सुमारास गर्दी असते. तेव्हा आधी फोन करूनच जावे.

ओसरी काचेने बंद करून तेथे भोजनगृह करण्याचा विचार चालू असल्याचे काकांनी सांगितले. भोजनगृहासाठी मागचे पटांगण पुरेसे आहे, ओसरी उघडीच ठेवावी, असे मी तेथील अभिप्रायवहीत सविस्तर लिहून आलो आहे.