नानकटाई: कढईत की ओव्हनमध्ये?

पीठ दोन्हीकडे एकच: घट्ट तूप आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटायची, मग मैदा, मूठभर बेसन, वेलदोड्याची पूड. तूप पातळ असलं की नानकटाई पसरते, मग भट्टी कुठलीही असो.

ओव्हनचं काम सरळ आहे. 170-180 अंशांवर आधी तापवायचा आणि पंधरा-अठरा मिनिटं ठेवायची. एका वेळी वीस-पंचवीस सहज होतात, रंगही सारखा येतो.

कढईचा मामला वेगळा. तळाशी जाड मीठ पसरायचं, त्यावर तिवई, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आच. मग ताटली आत ठेवून आच मंद. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एका घाण्यात जेमतेम सात-आठ. खालून बदामी, वरून पांढुरकी राहते. झाकण सारखं उघडलं तर वेळ अजून वाढतो (आमच्याकडे पोरं उघडतातच). गरम असताना मऊ लागते म्हणून कच्ची समजू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होते.

दिवाळीला डबे भरायचे असतील तर ओव्हनच. पावसाळ्यात चहाबरोबर आठ हव्या असतील, तर मी कढईच काढते.