अर्धं टरबूज, दोघांचा हिशेब: ‘व्हॉट डिड यू ईट येस्टरडे?’ वाचताना

‘व्हॉट डिड यू ईट येस्टरडे?’ या जपानी चित्रकथा-मालिकेच्या पहिल्याच भागात हा प्रसंग आहे. टोकियोतल्या एका सुपरमार्केटात चाळिशीतला एक वकील टरबुजापुढे उभा आहे. स्वस्त लागलंय, पण घरात खाणारी माणसं दोन, आख्खं काही संपायचं नाही. शेजारी एक गृहिणी, तीही त्याच विचारात. दोघं मिळून एकच घेतात आणि कापायला तिच्या घरी जातात. घरात आल्यावर बाईंच्या लक्षात येतं की आपण परक्या पुरुषाला आत घेतलंय. त्या घाबरतात. आणि हा गडबडून सांगून टाकतो, की मी समलिंगी आहे. ऑफिसात ज्याचा कुणाला पत्ता लागू दिला नाही, ती गोष्ट टरबुजापायी एका अनोळखी बाईला सांगावी लागते. पुढे त्यांची पक्की मैत्री होते आणि ती भाजीच्या वाटण्या करत टिकते.

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात मीही असं अर्धं टरबूज वाटून घेतलंय. मी तिथेच ठरवलं, ही मालिका पुरती वाचायची.

मी नाशिकला, कोर्टाजवळ, एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात एकवीस वर्षं मसुदे टाइप करते: खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं. जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, मी कधी हातात धरली नव्हती. लेकीची एक मैत्रीण कॉलेज रोडवर दुसऱ्या वर्षाला आहे. ती पुरुष-पुरुषांच्या प्रेमाच्या मांगा खंडीभर वाचते. तिच्याकडून या मालिकेचं नाव कळलं. आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला ती आवडली नव्हती. “काकू, यात काही होतच नाही. दोघं जेवतात, बास.”

आधी मालिकेची ओळख करून देते. लेखिका-चित्रकार फुमी योशिनागा. २००७ पासून कोदान्शा या जपानी प्रकाशनसंस्थेच्या ‘मॉर्निंग’ या साप्ताहिकात मालिका येते. शिरो काकेई वकील, सुरुवातीला वय ४३. केंजी याबुकी केशकर्तनालयात काम करतो, वय ४१. दोघं एका छोट्या फ्लॅटमध्ये राहतात. शिरो सहाच्या ठोक्याला ऑफिसातून निघतो, वाटेत भाव बघत खरेदी करतो आणि रात्रीचं जेवण रांधतो. दोघांच्या खाण्याचा महिन्याचा खर्च २५ हजार येनच्या आत बसला पाहिजे हा त्याचा नेम. पुढे महागाई वाढते आणि तो आकडा ३० हजारांवर न्यावा लागतो. अशा गोष्टी इथे कथानक म्हणून येतात. पात्रांची वयं वाचकांबरोबर वाढतात, दोघं पन्नाशी ओलांडतात, केस पांढरे होतात, आईवडील थकतात. २०१९ साली मालिकेला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी टीव्ही तोक्योवर तिची दूरदर्शन मालिका आली आणि २०२१ मध्ये चित्रपट.

त्या मुलीची तक्रार समजायला थोडं मागे जावं लागतं. जपानमध्ये सत्तरच्या दशकात स्त्री चित्रकारांनी मुलींच्या मासिकांत मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा काढायला सुरुवात केली. केइको ताकेमियाची गाजलेली ‘काझे तो की नो उता’ १९७६ ला सुरू झाली आणि १९७८ ला ‘जून’ हे खास या कथांचं मासिक निघालं. लिहिणाऱ्या बाया, वाचणाऱ्याही बहुतेक बायाच. अशा वाचक मुली स्वतःला ‘फुजोशी’ म्हणवतात. ‘स्त्रिया’ या अर्थाच्या शब्दातलं एक अक्षर बदलून, उच्चार तोच ठेवून, ‘कुजलेल्या मुली’ असा अर्थ करून घेतलेला. लोकांनी नावं ठेवण्याआधी आपणच ते नाव घेतलं. या कथांत पुढाकार घेणारा कोण आणि स्वीकारणारा कोण हे ठरलेलं असतं, त्यांना ‘सेमे’ आणि ‘उके’ म्हणतात. पाऊस, छत्री, गैरसमज, कबुली. आमच्या या मुलीला ती कबुली हवी होती. इथे मात्र पहिल्या पानापासून दोघं एका घरात राहताहेत आणि भांडण चाललंय ते केंजीने गिऱ्हाइकांपुढे घरच्या गोष्टी बोलल्याचं.

योशिनागा स्वतः त्याच परंपरेतून आलेली. म्हणून तिने केलेली एक थट्टा मला फार मोलाची वाटते. शिरो-केंजीच्या ओळखीचा एक जण आपल्या जोडीदाराला ‘गिल्बर्ट’ म्हणतो. गिल्बर्ट म्हणजे ताकेमियाच्या त्या कथेतला देखणा, नाजूक पोरगा. केंजी तसाच कुणीतरी डोळ्यांपुढे आणतो, आणि दारात येतो दाढीचे खुंट वाढलेला, कुरकुरा माणूस. त्या मुलीला मी हे पान दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि पुढचा भाग मागून नेला.

दुसरी वाचक माझी वहिनी. तिला इंग्रजी भाषांतरातली अक्षरं बारीक वाटतात, म्हणून मी वाचून सांगत होते. शिरोच्या वकिलीत तिला रस नव्हता. केंजी जेवायला बसला की तिचे कान टवकारायचे. कारण केंजी प्रत्येक पदार्थाबद्दल बोलतो: हे आंबट छान झालंय, हे त्याच्याबरोबर चांगलं लागतं, आज गरम सूप केलंस ते किती बरं झालं. वहिनी म्हणाली, “आमच्याकडे मीठ कमी पडलं तरच आवाज येतो.” मग बराच वेळ काही बोलली नाही. त्या रात्री माझ्या भावाने भाकरीबद्दल काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी त्याला टेबलाखालून पाय मारला.

शिरो स्ट्रॉबेरीचा जॅम करतो ते आम्ही करून पाहिलं. हिवाळ्यात सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी सापुतारा रस्त्याला बसलेल्या बायांकडे मिळते. दबलेली, कुणी न घेणारी दोन किलो घेतली. साखर घालून ठेवली, पाणी सुटलं, मग मंद आचेवर. वर गुलाबी फेस येतो तो चमच्याने काढत बसायचं. फेस काढला नाही तर रंग गढूळ होतो, ही माझी पहिल्या खेपेची चूक. दुसऱ्या खेपेला बरणीतून आरपार उजेड दिसत होता. बाकीच्या पाककृतींत मिरिन (स्वयंपाकात घालायची तांदळाची गोडसर दारू), दाशी (बहुधा सुक्या माशाचं आणि समुद्रशेवाळाचं पाणी), मासे, डुकराचं मांस आहे. शाकाहारी घरात निम्म्या पानांचा उपयोग नाही हे खरेदीआधी लक्षात घ्या. शिवाय कृती पानभर दाटीने लिहिलेली असते, गोष्ट ऐन रंगात आली की मध्येच अडकायला होतं.

तिसरा वाचक माझा एक मित्र. त्याला विचारूनच लिहिते. वय अठ्ठेचाळीस, गंगापूर रोडला राहतो, बारा वर्षं त्याचा जोडीदार सोबत आहे आणि सोसायटीला ते दोघं मामेभाऊ आहेत. त्याला पहिला भाग दिला तर तो शिरोवर चिडला. एवढा शिकलेला वकील, आणि कॅफेत कुणी बघेल म्हणून अंग चोरतो! खरं तर चीड कुणावर होती ते आम्हा दोघांनाही कळत होतं. फुजोशींच्या कथांबद्दलही त्याचं मत कडक आहे: “आमच्या जगण्यावर दुसऱ्यांनी स्वप्नं बघायची.” हा राग जपानमध्येही निघाला होता. १९९२ मध्ये मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत नेमकं हेच लिहिलं, आणि त्यावर काही वर्षं वाद चालला. मला दोन्ही बाजू पटतात. पण ही मालिका मित्राने शेवटी ठेवून घेतली ती शिरोच्या आईवडिलांमुळे. मुलगा समलिंगी आहे हे त्यांनी मान्य केलंय. नवीन वर्षाला केंजीला घरी बोलावतात, नीट वागवतात. आणि नंतर सांगतात, की पुन्हा आणू नकोस, आम्हाला पेलवत नाही. कुणी खलनायक नाही. मित्र म्हणाला, आई अशीच हसून चहा देते आणि दोन दिवस आजारी पडते.

माझ्या धंद्यातलं एक प्रकरण यात आहे, ते तर मी तीनदा वाचलं. शिरो-केंजीच्या ओळखीचं दुसरं जोडपं, तेत्सू आणि योशी. आपल्या मागे सगळं योशीला मिळावं, आईवडिलांकडे एक येनही जाऊ नये, असं तेत्सूला वाटतं. जपानी कायद्यात मूल नसेल तर आईवडिलांचा वाटा राखीव असतो, नुसत्या मृत्युपत्राने तो पुरता तोडता येत नाही. म्हणून तो जोडीदाराला दत्तक घेण्याचा विचार करतो, कारण तिथे मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं, फक्त तो वयाने लहान हवा. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात, वेगळी रूढी नसेल तर, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला दत्तक घेता येत नाही. पण हिंदू माणूस स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, दोन साक्षीदार पुरतात. एवढं कोरडं कलम कुणी प्रेमकथेत इतक्या हळुवारपणे आणलेलं मी पाहिलं नव्हतं.

घेणाऱ्यांसाठी: एकेक भाग मला हजाराच्या आगेमागे पडला. उजवीकडून डावीकडे वाचायचा, दहा पानांत सवय होते. ऑनलाइन मागवलेल्या एका भागाचा कणा मोडून आला आणि बदलून मिळायला तीन आठवडे गेले, तेव्हा पाकीट उघडताना फोटो काढून ठेवा. उघडीवाघडी दृश्यं नाहीत, घरात कुठेही ठेवता येतो. मराठीत ही मालिका यावी असं मला मनापासून वाटतं.

मित्र परवा ऑफिसात आला, मृत्युपत्र करायचंय म्हणून. मसुद्यात लाभार्थीच्या नावापुढे नातं लिहायचं असतं. मी विचारलं, काय टाकू. मामेभाऊ नको, म्हणाला. मित्रही नको. बराच वेळ गेला. शेवटी आम्ही लिहिलं: ‘गेली बारा वर्षे माझ्यासोबत याच घरात राहणारे व एकाच चुलीवर जेवणारे’. आमचे वकीलसाहेब मसुदा तपासताना त्या ओळीवर थांबले, चष्मा सारखा केला आणि पुढचं पान उलटलं.