शहर ऐकवताना कळ कोणी दाबायची: फोनने की ऐकणाऱ्याने?

शहरातली भटकंती ध्वनिकथांनी रंजक करायचे ठरले, की बहुतेक आयोजक आधी निवेदकाचा आवाज शोधू लागतात. त्याआधी वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो: त्या जागी पोहोचल्यावर कथा फोनने आपोआप सुरू करायची, की ऐकणाऱ्याने स्वतः? संहिता कशी लिहायची आणि पुढे देखभाल किती करावी लागेल, हे या उत्तरावर ठरते.

संग्रहालयांना हा पेच पडला नव्हता. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ मध्ये निवेदन रेडिओलहरींवरून ऐकवले जाई, त्यामुळे सगळे एकाच वेळी तेच ऐकत आणि एकदमच पुढच्या चित्राकडे सरकत. रस्त्यावर असे होत नाही. तिथे प्रत्येक जण आपल्या चालीने चालतो.

आपोआप सुरू होणाऱ्या कथेचे आकर्षण उघड आहे. फोन खिशात राहतो, डोळे रस्त्यावर राहतात आणि एका वळणावर कानात अचानक कोणी बोलू लागते, याची गंमत बटण दाबण्यात नाही. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये हेतुपुरस्सर ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, म्हणूनच हे शक्य झाले. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या फरकाने सांगतो. मात्र उंच इमारतींच्या भिंतींवर आदळून सिग्नल परततो, तेव्हा ही चूक कितीतरी मीटरांनी वाढते. नेमक्या जुन्या, दाट वस्तीतल्या गल्ल्यांमध्येच गोष्टी जास्त असतात, आणि तिथेच आपण एका गल्लीत उभे असताना फोन शेजारच्या गल्लीतल्या इमारतीचा इतिहास सांगू लागतो.

दुसरी मर्यादा नकाशावर प्रत्येक जागेभोवती आखलेल्या वर्तुळाची; त्यात शिरताच कथा सुरू होते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच्या प्रणालीतली जिओफेन्सची, म्हणजे असे वर्तुळ ओलांडल्याची सूचना अ‍ॅपला देणारी, सोय वापरली, तर अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवावी लागते. माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो, म्हणजे वर्तुळाच्या कडेपासून मध्यापर्यंत जायला त्याला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. निवेदक ‘समोरची कमान पाहा’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यासमोर असते ती उभी केलेल्या दुचाकींची रांग. अ‍ॅपने सतत जागा तपासत राहिले तर अचूकता वाढते, पण दोन तासांच्या फेरीत बॅटरी झपाट्याने उतरते.

ऐकणाऱ्याने स्वतः कथा सुरू करण्याचे दोन प्रकार आहेत. क्यूआर कोडचा फलक स्वस्त पडतो आणि त्याला अ‍ॅप लागत नाही. पण फलक लावायला परवानगी हवी, तो उन्हाने फिका पडतो, त्यावर जाहिराती चिकटतात आणि कोणी खोडसाळपणे दुसराच कोड डकवला तर ते लवकर लक्षातही येत नाही. दुसऱ्या प्रकारात नकाशावर क्रमांक देऊन ठेवायचे आणि माणसाने योग्य जागी उभे राहून तो क्रमांक दाबायचा. पायी फेरीसाठी मला हाच प्रकार पसंत आहे. ऐकणारा कुठे उभा आहे आणि कुठे पाहतो आहे हे लेखकाला ठाऊक असल्यामुळे ‘डावीकडून तिसऱ्या खिडकीखालचे कोरीव काम’ इतके नेमके वाक्य लिहिता येते. शिवाय रस्ता ओलांडताना कानात कोणी बोलत नाही, ही सोय लहान नव्हे. छताखाली किंवा भुयारी जागेत ब्लूटूथ बीकनचा, म्हणजे जवळच्या फोनला खूण पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांचा, पर्याय असतो, पण त्यांच्या बॅटऱ्या बदलत राहणारे कोणीतरी हवे.

बसमध्ये मात्र माझा कौल उलटा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने बस मिनिटाला सव्वातीनशे मीटरहून अधिक कापते. बोट बटणापर्यंत जाईतो वास्तू मागे पडते. इथे कथा आपोआपच सुरू व्हावी आणि तुकडे चाळीस सेकंदांहून मोठे नसावेत. कोंडीत बस अडकली तर ऐकवायला, कोणत्याही जागेशी न बांधलेले दोन-चार तुकडे हाताशी असावेत. ‘उजवीकडे पाहा’ लिहिण्यापूर्वी उजव्या खिडकीतून ते दिसते का, हे प्रवास करूनच तपासावे. भुयारी रेल्वेत जीपीएस चालत नाही, म्हणून तिथे कथा स्थानकाच्या नावाशी जोडावी.

दोन्ही पर्यायांत ध्वनिमुद्रण आधीच फोनमध्ये उतरवून घेण्याची सोय हवीच. ६४ केबीपीएसने (सेकंदाला ६४ किलोबिट) तासाभराचे ध्वनिमुद्रण जेमतेम २९ एमबी भरते, त्यामुळे सिग्नल नसल्याची सबब उरत नाही.

करारापूर्वी आणखी एक गोष्ट पक्की करावी. सॅन फ्रान्सिस्कोतून सुरू झालेले ‘डिटूर’ हे अशा कथांचे नावाजलेले अ‍ॅप होते. २०१८ मध्ये त्यातल्या कथा ‘बोस’ या ध्वनिउपकरणांच्या कंपनीने घेतल्या आणि अ‍ॅप बंद झाले. मूळ ध्वनिफिती, संहिता आणि प्रत्येक ठिकाणचे अक्षांश-रेखांश आपल्या ताब्यात असतील तरच दुसऱ्या अ‍ॅपवर जाता येते, आणि हे कलम करारात स्पष्ट शब्दांत नसेल तर सही करू नये.