डार्क: वंशवृक्षात वर जाणारी रेषा

‘डार्क’ ही जर्मन मालिका परवा दुसऱ्यांदा पाहून संपवली. तीन सीझन, 26 भाग, आणि या खेपेला मांडीवर वही. पहिल्या सीझनमधलं मोठं रहस्य फोडल्याशिवाय मला लिहिता येणार नाही, तेव्हा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी आधी पाहून या.

विंडन नावाचं गाव, शेजारी अणुवीज प्रकल्प, जंगलात गुहा. 4 नोव्हेंबर 2019 च्या रात्री अकरा वर्षांचा मिकेल नाहीसा होतो आणि गुहेतून बाहेर पडतो तो 1986 मध्ये. घर गाठतो, तर त्याचा बाप अजून शाळकरी पोरगा. मिकेल तिथेच वाढतो, नाव बदलतं, लग्न होतं, आणि तो योनासचा बाप होतो. त्या रात्री जंगलात त्याच्यासोबत असलेल्या त्याच योनासचा! वंशवृक्षात रेषा वरून खाली येतात. मिकेलची मला खोडून वर न्यावी लागली. ती वर नेली तेव्हा कळलं, योनासचा जिच्यावर जीव आहे ती मार्टा त्याची सख्खी आत्या.

पहिले दोन सीझन मला फार मोठे वाटतात ते एका नियमामुळे: मागे जाऊन जे कराल ते आधीच घडून गेलेलं असतं. काळप्रवासाच्या इतर गोष्टींत असतात तशा पळवाटा इथे नाहीत. मिकेलचा बाप उल्रिश पोराला शोधायला निघतो, पोचतो 1953 मध्ये, पकडला जातो आणि मनोरुग्णालयात म्हातारा होतो. 1987 साली तो मिकेलसमोर उभा राहतो. केस पांढरे, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. आणि मुलगा त्याला ओळखतो. तिथे मी वही मिटली, पुढचा अर्धा तास काही लिहिलं नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये समांतर जग येतं. तिथे मिकेल गुहेत शिरलाच नाही, म्हणून योनास जन्मलाच नाही. कल्पना अस्सल आहे. पण आठच भागांत दोन जगं, वर 1888 साल, आणि पात्रं एकमेकांना गुंता समजावून सांगत बसतात. दुःखाला जागा उरत नाही. शेवटचा भाग मात्र सगळं सावरतो. तो मी सांगणार नाही.

मूळ जर्मन आवाजातच पाहा, सबटायटल्स लावून. एकाच माणसाच्या तीन वयांसाठी इतके मिळतेजुळते चेहरे कुठून शोधले, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि दुसऱ्यांदा नक्की पाहा. सुरुवातीलाच योनासचा बाप एक पाकीट मागे ठेवून जातो: 4 नोव्हेंबर, रात्री 10:13 च्या आधी उघडू नका. पहिल्यांदा मला ते फक्त गूढ वाटलं होतं. या वेळी ते अक्षर त्याच हरवलेल्या पोराचं आहे हे ठाऊक होतं, आणि ते पाकीट पडद्यावर असेपर्यंत मला श्वास घेणं जड गेलं.