सांगोला की बारामती?

भाचीला राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी एक विधानसभा मतदारसंघ निवडायचा आहे. तिचं मन सांगोला आणि बारामतीत अडकलंय.

माणसांची यादी पाहिली तर बारामती अगदी सोपी. १९६७ ते १९९० सलग शरद पवार, १९९१च्या पोटनिवडणुकीपासून २०२४पर्यंत अजित पवार. दोन नावांत जवळपास सहा दशकं!

सांगोल्यात गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ दरम्यान अकरा वेळा निवडून आले, पण मध्ये १९७२ आणि १९९५ला पडलेही. हे पडणंच अभ्यासाला खाद्य पुरवतं. १९९५ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं ते जेमतेम १९२ मतांनी. तेच बापू २०१९ला गणपतरावांच्या नातवाविरुद्ध ७६८ मतांनी जिंकले. (त्यांचा ‘काय झाडी, काय डोंगर’ हा गाजलेला संवाद नंतरचा.) २०२४ला देशमुखांचा दुसरा नातू बाबासाहेब यांनी जागा परत घेतली. बारामतीत अलीकडे फरक लाखाच्या घरात, चुरस शोधावी लागते.

पक्षाचं मात्र उलट. गणपतराव शेवटपर्यंत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप), तर बारामतीत माणूस तोच आणि पाटी बदललेली: काँग्रेस, समाजवादी काँग्रेस, राष्ट्रवादी.

मेहनत? बारामतीवर लिखाण ढीगभर, सांगोल्यासाठी जुने निकाल चाळावे लागतील.

घराण्याची सत्ता किंवा पक्षफूट हा विषय असेल, किंवा हातात आठवडाच असेल, तर बारामती घे. मतदार कधी आणि का फिरतो हे पाहायचं असेल तर सांगोला.