नोटा मोजायचं मशीन: गड्डीसाठी पास, सुट्या नोटेसाठी काठावर

नागपूरच्या मस्कासाथात आमचं मिरची-हळदीचं होलसेल दुकान आहे आणि गल्ल्यावर मी बसते. नकली नोट पकडणारं हे मशीन सीताबर्डीवरून घासाघीस करून साडेनऊ हजारांत आणलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या भावातली सगळी मशीनं आतून भावंडंच निघतात.

मोजणीबद्दल तक्रार नाही. भिवापूरचा माल आला की संध्याकाळी देण्याघेण्याचा नुसता धुरळा असतो. त्यात पाचशेची गड्डी म्हणता म्हणता मोजून होते आणि मध्ये दोनशेची घुसली असेल तर मशीन थांबतं. पाचशे, दोनशे आणि शंभरच्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी मात्र पाचशेची १५०, दोनशेची १४६ आणि शंभरची १४२. चार मिलिमीटरचा हा फरक घाईत आपल्या डोळ्याला कुठला दिसतो!

आता नकली पकडण्याचं. नोटेचा कागद कापसाचा असतो, मशीनमधल्या जांभळ्या (यूव्ही) दिव्याखाली तो चमकत नाही. चमकतात ते नंबर, कागदातले बारीक तंतू आणि सुरक्षेची तार. बाजारातला साधा कागद मात्र निळापांढरा उजळतो, आणि तो दिसला की मशीन ओरडतं. पण पँटच्या खिशात राहून साबणाच्या पावडरीत धुऊन निघालेली खरी नोटही तशीच उजळते, मग तिच्यावरही ओरडतं. त्यात आमच्याकडे तिखटाची धूळ. सेन्सरवर बसली की दर चौथ्या नोटेला बीप. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, म्हणतात, ‘‘काहून व सूनबाई, तुह्या मशीनले ठसका लागला का?’’ रोज दुकान बंद करताना ब्रश मारावाच लागतो. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच आहे. नकली नोटांची गड्डी घेऊन आमच्याकडे कोण येणार? येते ती एकच नोट, ऐन गर्दीत, दोन किलो हळदीसाठी. एका नोटेसाठी मशीन कोणी चालू करत नाही, आणि नोट चालवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

यातला उस्ताद न्यूयॉर्कला होऊन गेला, एमरिक ज्युटनर. भंगार गोळा करणारा म्हातारा. १९३८ पासून दहाएक वर्षं घरातल्या छोट्या प्रेसवर एक डॉलरच्या नोटा छापत होता. कागद स्टेशनरीच्या दुकानातला, चित्र गचाळ, आणि ‘वॉशिंग्टन’च्या स्पेलिंगमधली अक्षरंही मागेपुढे झालेली. तरी चालल्या! एका दुकानात एकच नोट द्यायची, तिथं पुन्हा जायचं नाही, आणि एका डॉलरकडे निरखून बघतो कोण? नकली नोटांचा तपास करणाऱ्या तिकडच्या सीक्रेट सर्व्हिसनं ८८० नंबरची फाइल उघडली, पण माणूस सापडेना. शेवटी त्याच्या घराला आग लागली, सामान बाहेर फेकलं गेलं आणि छपाईच्या प्लेटा गल्लीतल्या पोरांच्या हाती लागल्या. १९४८ मध्ये धरला गेला. शिक्षा एक वर्ष एक दिवस, दंड एक डॉलर. (तो डॉलर घेताना कोर्टानं नक्की उजेडात धरून बघितला असेल.)

आपल्याकडे असं लाडाचं काम नाही. नोट छापणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि आपण बिनपापाचे असलो तरी बँक नकली नोट ठेवून घेते, शिक्का मारते, पावती देते, बदली पैसे देत नाही. एका भरण्यात चारपर्यंत निघाल्या तर पोलिसांना महिन्याच्या रिपोर्टात कळवतात. पाच किंवा जास्त असल्या तर थेट एफआयआर. रोज रोकड भरणाऱ्यानं मशीन घ्यावं ते यासाठी. बँकेच्या खिडकीपाशी कळण्यापेक्षा आदल्या रात्री घरात कळलेलं बरं.

गल्ल्यासाठी त्याच दुकानातून हातात धरायचा छोटा जांभळा दिवा वेगळा घेतला. मशीनपेक्षा तोच जास्त वापरात आहे. मामाजी तोही घेत नाहीत. पाचशेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या उठावाच्या रेघा असतात, अंधांसाठी केलेल्या. मिरचीनं लाल झालेला अंगठा त्यावरून फिरवतात, मग नोट तिरपी करून कागदातली चमकती तार हिरव्याची निळी होते का ते बघतात. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारबा नोटेशी खेळून राहिले.

रबराचा रोलर झिजला की मशीन दोन नोटा एकदम ओढतं, मोजणी चुकते. सर्व्हिसवाला फोन उचलतो, पण ‘उद्या येतो’ म्हणून आठवडा काढतो.

किराणा किंवा औषधाचं दुकान असेल तर मशीनच्या भानगडीत पडू नका, दिवा पुरे. होलसेलवाल्यांनी जरूर घ्यावं. घेताना गिऱ्हाइकाकडे तोंड करणारा दुसरा डिस्प्ले मागा, तो फुकट मिळतो, आणि जास्तीचा रोलर बिलावरच लिहून घ्या.