पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जाणं : आठ महिन्यांच्या औषधांचा अनुभव

पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. श्रावणात घरात कानबाई देवी बसलेली, पुरण शिजत होतं आणि मला डाग दिसला. या वयात बाजूला बसू का, कोणाला सांगू? गप्प राहिले. नंतर एके ठिकाणी ‘उष्णता’ म्हणून रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या, तपासणी काहीच नाही. दोन महिने वाया गेले, त्याचा राग अजून आहे.

मग जळगावच्या वैद्यबाईंकडे गेले. नाडी बघून त्या म्हणाल्या, “पयले सोनोग्राफी, मंग औषध.” गर्भाशयाचं अस्तर 11 मिलिमीटर निघालं. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि अस्तर 4 च्या वर असेल तर तुकडा तपासावाच लागतो. बायोप्सीत अस्तराची वाढ निघाली. पेशी बिघडलेल्या नव्हत्या, कॅन्सर नव्हता. तो कागद हातात येईपर्यंत घास उतरत नव्हता.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या. वैद्यबाईंनी ती चिठ्ठी वाचूनच पुष्यानुग चूर्ण दिलं. चरकसंहितेतलं हे औषध मधात कालवून तांदळाच्या धुवणासोबत घेतात. मला साखर आहे म्हणून मध नाही, आणि गुळामुळे अशोकारिष्टही नाही. त्याऐवजी अशोकाच्या सालीचा क्षीरपाक, म्हणजे दुधात उकळलेला काढा. शतावरी त्यांनी मुद्दाम टाळली. चूर्ण इतकं तुरट की जीभ आखडते. आमच्या घरी रोज भाकरी, पण त्या धुवणासाठी मूठभर तांदूळ रात्रीच भिजत घालायचे.

सालीबद्दल एक सांगते. शेजारणीने मायेने फाटकाजवळच्या उंच ‘अशोका’ची साल काढून आणली. तो आसूपालव! औषधाचा सीताअशोक वेगळा, त्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात. साल वैद्यांकडूनच घ्या.

रक्त तिसऱ्या आठवड्यात थांबलं. अस्तर उतरलं ते गोळ्यांनी, असंच मी मानते. चूर्ण-क्षीरपाकाचं श्रेय किती, ते मला वेगळं काढता येत नाही. हिमोग्लोबिन 8.6 वरून 11.2 झालं, त्यात लोहाच्या गोळ्याही होत्या. शेवभाजी आणि ठेचा सोडणं मात्र सगळ्यांत जड गेलं. कळण्याची भाकरी अन् दूध यावर दिवस काढले.

सहा महिन्यांनी, चैत्रात, परत बायोप्सी केली. वाढ नाही. चूर्ण आता बंद आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा धाकट्या बहिणीने हळूच सांगितलं, तिलाही दोनदा डाग दिसलेत, पाळी जाऊन तीन वर्षं झालीत. झोका तसाच सोडून दुसऱ्या दिवशी तिला सोनोग्राफीला नेलं.